पह्यले ओळख, मंग सुई

रिमोट हातात घेण्याआधी बाई दोन्ही तळहात एकमेकांवर घासायच्या. चांगले दहा-बारा वेळा, खसाखसा. मग तळवे गालांना लावून ऊब आली की नाही ते बघायच्या आणि मगच हात पुढे करायच्या, "आन बाबू, दे तो रिमोट."

तो रिमोट नव्हता. व्हिडिओ गेमचा कंट्रोलर होता, हे मी त्यांना निदान वीस वेळा सांगितलं. त्यांनी वीसही वेळा "हो ना बाप्पा" म्हटलं आणि एकविसाव्या वेळी पुन्हा रिमोटच म्हटलं. शेवटी मीही रिमोट म्हणायला लागलो. आता तर मला दुसरा शब्द आठवायला वेळ लागतो.

तळहात घासायची सवय मात्र गेमची नव्हती, नोकरीची होती. बाई आमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्स. सारी उमर लेकरांना लसी टोचण्यात गेलेली. गार हात लागला की लेकरू दचकतं, दचकलं की अंग आखडतं आणि आखडलेल्या मांडीत सुई जास्त दुखते, असं त्यांचं म्हणणं. ते पटण्यासारखंच होतं. पण पडद्यावरच्या मारामारीसाठी हात गरम करायचं काय कारण, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "यंत्राले समजत नाई असं वाटते काय तुले?" त्या दिवशी मी तिन्ही डाव हरलो.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी नर्सबाई असेल. ठेंगणी, अंगानं भरलेली, खांद्याला पर्स आणि हातात लसींचा निळा डबा. गावात शिरली की कुत्री भुंकायची थांबतात आणि लेकरं पळायला लागतात. आमच्या बाईंची गंमत अशी की लेकरं पळायची ती त्यांच्याकडे.

मी एटापल्ली तालुक्यातल्या त्या आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन म्हणून लागलो तेव्हा मला मिसरूडच काय ते नीट आलं होतं, अक्कल यायची होती. गाव माझं वर्ध्याकडे. चार महिन्यांत बदली करून परत येतो, असं आईला सांगून निघालो होतो. काम म्हणजे हिवतापाच्या रक्ताच्या काचपट्ट्या तपासायच्या. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा आणि दुपारी ओपीडी संपली की समोर नुसतं सागाचं रान. मोबाईलला रेंज यायची ती पाण्याच्या टाकीवर चढलं तर.

माझ्या क्वार्टरमध्ये आधीच्या डॉक्टरांनी एक टीव्ही आणि एक गेम सोडला होता. बदली झाली तेव्हा जीपमध्ये जागा नव्हती म्हणे. त्यांनी पुस्तकं नेली आणि गेम ठेवला. मी असतो तर उलटं केलं असतं, पण त्यांच्यामुळे माझे दिवस निघाले, तेव्हा त्यांना नावं ठेवत नाही. गेम एकच चालायचा, दोघांच्या मारामारीचा. आठ लढवय्ये, त्यातला एक आपण घ्यायचा, एक समोरच्यानं. मी कॉलेजात असल्या गेममध्ये बऱ्यापैकी नाव काढलं होतं. इथं हरवायला कुणी नव्हतं, म्हणून यंत्रालाच हरवत बसायचो.

एका दुपारी बाई अंबाडीच्या भाजीचा डबा घेऊन आल्या. एकटा पोरगा काय खातो कोण जाणे, म्हणून त्या अधूनमधून काहीबाही आणायच्या. तेव्हा त्या मला अहोजाहो करायच्या. टीव्हीवर आठही लढवय्ये रांगेत उभे होते. सगळे उघडे, दंड फुगवलेले. त्यात एकच कपडे घातलेला: पांढरा कोट, गोल चष्मा, हातात चामड्याची बॅग.

"हा कोन, भाऊ? डॉक्टर दिसून राह्यला."

मी म्हटलं, डॉक्टरच आहे.

"मंग ओपीडी कोन पाहून राह्यलं?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पर्स खाली ठेवली, पलंगावर बसल्या आणि हा डॉक्टर काय काय करतो ते दाखवा म्हणाल्या. तो काय करतो हे मलाही नीट ठाऊक नव्हतं, कारण त्याला कुणी घेत नसे. आठांमध्ये सगळ्यात मंद तोच. चालतो तो राऊंडला निघाल्यासारखा. उडी मारायची झाली तर आधी चष्मा सावरतो, आणि तेवढ्यात समोरचा दोन लाथा घालून मोकळा होतो.

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून तो डॉक्टर तपासला. लांबून मारायचा असेल तर तो गळ्यातला स्टेथोस्कोप चाबकासारखा फेकायचा. गुडघ्यावर छोटी हातोडी मारायचा, की समोरच्याचा पाय आपोआप वर उडायचा आणि तो क्षणभर लंगडायचा. बँडेजची गुंडाळी फेकून त्याला बांधून टाकायचा. अगदी जवळ गेला तर इंजेक्शन द्यायचा, आणि त्या एका टोचण्यात समोरच्याचं निम्मं आयुष्य जायचं. पण बॅग उघड, सिरिंज काढ, हवा काढ, एवढं सगळं करेपर्यंत शहाणा माणूस पळून जातो. सगळ्यात शेवटचा मोठा डाव म्हणजे डॉक्टर खिशातून कागद काढून त्यावर काहीतरी खरडायचा आणि ती चिठ्ठी वाचून समोरचा चक्कर येऊन पडायचा.

त्या डावाला बाईंनी नाक मुरडलं. "हे खोटं आहे. डॉक्टरची चिठ्ठी त्याले वाचता आली कशी?"

त्यांना आवडला तो भलताच डाव. दोन बटणं एकदम दाबून धरली की डॉक्टर समोरच्याचं मनगट पकडायचा, घड्याळात बघायचा आणि नाडी मोजायचा. जितका वेळ बटणं दाबलेली, तितका वेळ समोरचा जागचा हलू शकत नसे. त्याचं फार काही बिघडायचं नाही, पण तो मऊ पडायचा, आणि त्यानंतर दिलेली सुई चुकत नसे. मी म्हटलं, हा डाव कामाचा नाही, यात वेळ जातो.

"जाऊ द्या ना," बाई म्हणाल्या. "पह्यले ओळख, मंग सुई."

हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की माझ्या रक्तात गेलं असेल. तपासलं तर काचपट्टीवर दिसेल.

महिनाभरात त्या मला हरवायला लागल्या. हे लिहिताना आजही थोडं लागतं. माझा लढवय्या म्हणजे केसांची शेंडी बांधलेला एक चपळ पोरगा, वाऱ्यासारख्या लाथा मारणारा. मी घुसायचो, मारायचो, मागं यायचो, पुन्हा घुसायचो. बाई काहीच करायच्या नाहीत. त्यांचा डॉक्टर उभा. मार खायचा, एक पाऊल मागं सरायचा, चष्मा सावरायचा. मध्येच स्टेथोस्कोप भिरकावायचा, तोही लागावा म्हणून नाही, माझं लक्ष तिकडे जावं म्हणून. मी तो चुकवायला उडी मारली की खाली उतरेपर्यंत माझं मनगट डॉक्टरच्या हातात. घड्याळ टिकटिक करतंय, मी अडकलोय, आणि बाई पडद्यातल्या माझ्या त्या पोराशी बोलतायत, "झालं झालं, काईच नाई होत, इकडे पाह्य, मामाचं गाव कोनतं तुयं?" आणि सुई.

पहिल्यांदा हरलो तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवसापासून त्या मला 'अरे बाबू' म्हणायला लागल्या. हरलेल्या माणसाला अहोजाहो करण्यात त्यांना अर्थ वाटत नसावा.

बाईंची खरी सुई मी नंतर पाहिली. नाल्यापलीकडे माडिया लोकांची एक वस्ती होती, तीस-पस्तीस घरांची. लसीकरणाच्या दिवशी बाई तिकडे निघाल्या की हिवतापाचं रक्त घ्यायला मीही बरोबर जायचो. त्या वस्तीत बाईंशिवाय दुसऱ्या कुणाकडून लस घेत नाहीत, असं ऐकलं होतं. जीपच्या ड्रायव्हरभाऊंनी त्याचं कारण सांगितलं. बाई तिथं पहिल्यांदा गेल्या तेव्हा सगळ्या बायका लेकरं घेऊन रानात निघून गेल्या होत्या. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला बाईंनी डबा उघडलाच नाही. मोहाच्या झाडाखाली बसल्या, एका म्हातारीबरोबर टोळी, म्हणजे मोहाच्या बिया, निवडल्या आणि परत आल्या. असं त्यांनी किती खेपा केलं ते ड्रायव्हरभाऊ दर वेळी वेगळं सांगायचे. एका खेपेला त्या म्हातारीनंच डब्यावर बोट ठेवून यात काय आहे म्हणून विचारलं.

मी गेलो त्या दिवशी रानात कुणी पळालं नाही. "जोहार, जोहार" करत बाई झाडाखाली बसल्या, तळहात घासले. लेकरू मांडीवर आलं की त्या स्वतःचं मनगट त्याच्या हातात द्यायच्या. बोटं कुठे ठेवायची ते दाखवायच्या. आधी लेकरानं बाईंची नाडी बघायची. ते आपलं बोटांखाली काय उडतंय ते टकामका बघत बसायचं, आणि सुई कधी आत जाऊन बाहेर आली हे त्याला कळायचं नाही. रडायला यायचं ते कापूस दाबल्यावर, उशिरा, आणि तेही जरा विचार करून. सुई त्या पदराखालून काढायच्या. लेकराला सुई दिसली की निम्मं काम बिघडलं, असं म्हणायच्या. तेव्हा मला समजलं की त्या गेममध्ये शिकल्या काहीच नव्हत्या. जे वस्तीत करत होत्या तेच माझ्या पलंगावर बसून करत होत्या.

चार महिन्यांची दोन वर्षं झाली. बदलीचा अर्ज मी केलाच नाही. आईला सांगितलं, इथलं पाणी मानवलंय. बाईंबरोबरच्या मारामारीसाठी राहिलोय हे खरं कारण सांगितलं असतं तर तिनं मला धरून नागपूरला डोक्याच्या दवाखान्यात नेलं असतं.

आता जे सांगायचं आहे ते मला सांगायला आवडत नाही.

त्या वर्षी पोळ्यानंतर बाईंचा खेळ बदलला. नाडीचा डाव त्यांनी सोडून दिला. आधी मला वाटलं, काहीतरी नवीन डोक्यात आहे. मग वाटलं, कंटाळल्या. त्या हरायला लागल्या आणि मी जिंकायला, तेव्हा खरं तर मला वाईट काहीच वाटलं नाही, नुसता आनंद होता. पण एका दुपारी मी टीव्हीकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघितलं. उजवा अंगठा थरथरत होता. थोडासाच, पण थांबत नव्हता. नाडी मोजायची तर बटणं दाबून धरावी लागतात, आणि त्यांच्या अंगठ्याखालून बटण सुटत होतं. डॉक्टर मनगट पकडायचा आणि लगेच सोडायचा.

मी रोज काचपट्टीतले बारीक ठिपके शोधणारा माणूस. मला हे दिसलं याचा मला अभिमान वाटला. खरंच सांगतो, पहिल्यांदा अभिमानच वाटला. गेमच्या भाषेत म्हणायचं तर मला समोरच्याची कच्ची बाजू सापडली होती.

महिन्याच्या सभेला सगळ्या उपकेंद्रांवरच्या नर्स, आशाताई, औषधवाले भाऊ, सगळे जमायचे. जेवणं झाली की मंडळी माझ्या क्वार्टरमध्ये बाई आणि माझी मारामारी बघायला यायची. त्या दिवशी आमच्या मेडिकल ऑफिसर मॅडमही दारात येऊन उभ्या राहिल्या. मॅडम तरुण होत्या, चंद्रपूरच्या, कामाला चोख. बाईंना निवृत्तीला आठ महिने राहिले होते, त्यामुळे सगळे बाईंच्या बाजूनं ओरडत होते. मी ठरवून त्यांच्या अगदी जवळ जात राहिलो, नाडीचा डाव टाकायला भाग पाडत राहिलो. डॉक्टर पकडायचा आणि सोडायचा. प्रत्येक वेळी मी लाथ घालायचो. तिन्ही राऊंड मी घेतले.

औषधवाले भाऊ म्हणाले, बाईले काय झालं आज?

मी जिंकलेला माणूस. मी म्हणालो, "बाईचा हात थरथरते ना आता. पकड धरताच येत नाई. मले मालूमच होतं."

सगळ्यांनी बाईंच्या हाताकडे बघितलं. मॅडमनीही बघितलं. बाईंनी रिमोट हळूच पलंगावर ठेवला आणि उजवा हात डाव्या हाताखाली घेतला. पदर सारखा केल्यासारखं दाखवलं. मग "चला, मुलींनो, गाडी निघते" म्हणून उठल्या. जाताना माझ्याकडे बघून हसल्या, तेच मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते बाईंनीच नंतर सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. नागपूरला दाखवून घ्या म्हणाल्या, आणि तोवर सुई हातात घेऊ नका. मॅडमचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. मी मॅडमच्या जागी असतो तर तेच केलं असतं. बाईंना रजिस्टरांचं काम दिलं. लसीकरणाला नवी नर्स जायला लागली, वडशाकडची मुलगी, हुशार, शिकलेली, हात असा स्थिर की टेबलानं लाजावं.

नाल्यापलीकडच्या वस्तीत तिच्याबरोबर मी गेलो. तिनं सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. हात धुतले, स्वच्छ कापड अंथरलं, त्यावर सिरिंजा ओळीनं मांडल्या, डबा उघडला, नावं पुकारली. कुणीही परीक्षा घेतली असती तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते. पण ती ओळ लेकरांनी बघितली. एक रडायला लागलं, मग सगळी. बायका उठल्या. त्या म्हातारीनं, जिनं कधीकाळी डब्यावर बोट ठेवलं होतं तिनं, नव्या नर्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाई कुठे आहेत विचारलं. येणार नाहीत असं मी सांगितल्यावर ती नुसतं "हिल्ले" म्हणाली. गोंडीत हिल्ले म्हणजे नाही. नाही म्हणजे नाहीच. आम्ही दोन लेकरांना टोचून परत आलो, बाकीच्या लसी डब्यात तशाच. त्या वर्षी शेजारच्या गावांत गोवराची लेकरं निघत होती. नवी नर्स जीपमध्ये रडली. आपलं काय चुकलं हे ती मला विचारत होती. चूक कुणाची होती ते मला माहीत होतं, पण मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

संध्याकाळी मी बाईंच्या क्वार्टरवर गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, डाव्या हातानं. मी वस्तीतलं सगळं सांगितलं, मग माफी मागायला लागलो, आणि ती मला धड मागता येईना. मी म्हटलं, मी बोलायला नको होतं.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बोलायलेच पायजे होतं. मागच्या खेपेले एका लेकराले दोनदा टोचलं मी. पह्यली सुई चुकली. त्याच दिवशी मॅडमले सांगायचं होतं, माह्याच्यानं झालं नाई. आठ महिने निघून जातीन वाटलं."

मग पदराला लागलेला कोंडा झटकला.

"बाबू, तुयी सुई बरोबर होती. पन तू पह्यले ओळख नाई दाखवली."

मला लोकांनी पुष्कळदा झापलं आहे. साहेबांनी, मास्तरांनी, बापानं तर विचारूच नका. पण इतकं खोल कुणाचंच गेलं नाही. मी ओट्यावर बसलो आणि तोंड फिरवून रडलो. बाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, चाल, तुयाकडे जाऊ, एक डाव खेळू.

मी म्हटलं, बाई, कसं खेळाल?

"डावा हात ठीक आहे ना माहा. उजवा तुया घे."

पलंगावर आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. एकच रिमोट दोघांत. डावी बाजू बाईंकडे, म्हणजे डॉक्टरला चालवायचं, थांबवायचं, मागं घ्यायचं. उजवी बाजू माझ्याकडे, म्हणजे सगळी बटणं, सगळे वार. समोर यंत्र लढत होतं. पहिले दोन डाव आम्ही सपशेल हरलो. मी घाई करायचो, त्या अजून पोचलेल्या नसायच्या, आणि डॉक्टर हवेतच सुया टोचायचा. "मी सांगन तवा," त्या म्हणाल्या. तिसऱ्या डावात मी थांबलो. त्यांनी डॉक्टरला सावकाश जवळ नेला, एक पाऊल मागं घेतला, पुन्हा जवळ नेला. समोरचा गोंधळला. "आता," त्या म्हणाल्या, आणि मी दोन्ही बटणं दाबून धरली. घड्याळ टिकटिक करायला लागलं. किती महिन्यांनी नाडी लागली होती.

डाव जिंकल्यावर त्या कितीतरी वेळ पडद्याकडे बघत होत्या. मग विचारलं, "त्या नव्या पोरीचा हात पक्का आहे म्हनते ना सारे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना विचारलं. सुईला हात लावणार नाही, फक्त शेजारी बसेन. मॅडमनी जरा विचार केला आणि हो म्हटलं.

पुढच्या खेपेला जीपमध्ये आम्ही तिघं होतो. मोहाखाली बाई बसल्या, त्यांच्या मागं पदराआड नवी नर्स. कापड नाही, ओळ नाही. डबा जीपच्या सावलीत, माझ्याजवळ. बाईंनी तळहात घासले, मग नव्या नर्सला घासायला लावले. म्हातारीनं आपल्या नातीला आणून बाईंच्या मांडीवर ठेवलं. चारेक वर्षांची पोर, गळ्यात मण्यांची माळ. बाईंनी नेहमीसारखं उजवं मनगट तिच्या हातात दिलं.

हात थरथरत होता. लपवायला आता काही उरलं नव्हतं. पोरीनं बोटं ठेवली, नाडीऐवजी सगळा हातच हलतोय हे तिच्या लक्षात आलं. ती बाईंच्या तोंडाकडे बघायला लागली. मग तिनं दोन्ही हातांनी तो अंगठा घट्ट धरला, कोंबडीचं पिल्लू धरतात तसा, आणि थांब म्हणून त्याला दटावायला लागली. तिच्या बोलीत ती काय म्हणत होती ते मला कळलं नाही. पण सगळ्या बायका हसल्या. पोर अंगठा धरून बसलेली, तिचं सगळं लक्ष त्या अंगठ्यात.

"आता," बाई म्हणाल्या.

नव्या नर्सनं सुई दिली. पोरीनं मान वळवली, दंडाकडे बघितलं आणि पुन्हा अंगठा दटावायला लागली. त्या दिवशी डबा रिकामा परत आला. प्रत्येक लेकराला आधी तो थरथरणारा हात धरायचा होता, आणि दोघा-तिघांना लस झाल्यावर पुन्हा धरायचा होता.

उरलेले महिने असेच गेले. निरोपाच्या दिवशी मॅडमनी भाषण केलं, शाल दिली. बाईंना बोला म्हटलं तर म्हणाल्या, मले काय बोलता येते, आणि चिवडा वाटत फिरल्या. उजव्या हातातली ताटली खुळखुळत होती आणि कुणी त्याकडे बघितलं नाही, किंवा बघितलं तरी बघितल्यासारखं केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या लेकीकडे बल्लारपूरला गेल्या. गेम घेऊन जा म्हणून मी फार आग्रह केला. त्या म्हणाल्या, लेकीच्या घरी तो धरायला मले मानूस कुठी भेटीन.

आता त्या फोन करतात, म्हणजे लेक लावून देते. हात आता दोन्ही थरथरतात म्हणे, चहा बशीतून नाही, पेल्यातून घेतात, तोही दुसऱ्यानं धरलेला. बोलणं फार होत नाही. वस्तीतली ती पोर किती मोठी झाली, हे मात्र दर वेळी विचारतात. ती आता शाळेत जाते. नवी नर्स आता नवी राहिलेली नाही, ती एकटीच वस्तीत जाते आणि मोहाखाली बसली की आधी तळहात घासते. दहा-बारा वेळा, खसाखसा. तिला ते कुणाचं आहे हे ठाऊक आहे.

मी अजून तिथंच आहे. एखाद्या दुपारी टीव्ही लावतो. शेंडीवाल्या पोराला आता हात लावत नाही, डॉक्टरच घेतो. हात गरम करतो आणि सवयीनं पलंगाच्या उजव्या कडेला सरकून बसतो, रिमोटची डावी बाजू मोकळी सोडून. बटणं सगळी माझ्या अंगठ्याखाली असतात. स्टेथोस्कोप, हातोडी, सुई, नाडी, आता मला सगळं येतं. पण त्याला कुणी जवळ नेत नाही. समोरचा वाट बघत असतो आणि डॉक्टर चष्मा पुसत जागेवरच उभा राहतो.